सोफी शोलची जबानी

१८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठाच्या इमारतीत हिटलरशाहीविरुद्धची पत्रके टाकताना हान्स शोल व त्याची २१ वर्षांची बहीण सोफी तेथील एका नोकराच्या हाती सापडली, आणि २२ तारखेस रोलान्ड फ्राइस्लरच्या न्यायासनाने ख्रिस्टोफ प्रोब्स्टसह दोघांना देहान्ताची शिक्षा फर्मावून त्याच दिवशी ती अमलातही आणली. या दोन घटनांमधल्या काळात विटेल्सबाखर पॅलेसमधील गेस्टापोच्या कचेरीत रॉबर्ट मोर या अंमलदारापुढे सोफीची जबानी झाली. दोन माणसे, एक मेज आणि बंद खोली : नाटककाराला याहून अधिक काय हवे असते? तरीही त्या खोलीचे दार कलावंतांना दीर्घकाळ बंदच राहिले.

युद्धोत्तर जर्मनीला सोफीची ओळख मुख्यतः तिची थोरली बहीण इंगे शोल हिच्या १९५२ मधील पुस्तकातून झाली, आणि त्यात आप्तस्नेह व पूज्यभाव यांचा अंमल असणे स्वाभाविकच होते. १९८२ मध्ये दोन चित्रपट निघाले. मिखाएल व्हेरहोवनने पत्रके काढणाऱ्या ‘श्वेत गुलाब’ या सबंध मंडळाची कथा सांगितली, तर पर्सी अ‍ॅडलॉनने एल्से गेबेल या कोठडीतील सोबतिणीच्या आठवणींचा आधार घेतला, म्हणून त्याची सोफी कोठडीत दिसते, मेजापाशी फारशी दिसत नाही. उडो झिमरमन याच्या संगीतिकेने १९८६ मध्ये हॅम्बुर्ग येथे जे नवे रूप धारण केले, त्यात तर भाऊ-बहीण एवढे दोघेच गातात, आणि तेही मरणाच्या उंबरठ्यावर. कृती अत्यंत उदात्त आहे. परंतु प्रतिपक्ष रंगमंचावरून हटला की संघर्ष विरून केवळ स्तोत्र उरते, असे मला वाटते.

मोरला त्याच्या जागी आणून बसविले ते लिलियन गॅरेट-ग्रोग या लेखिकेने, १९९१ मध्ये सॅन डिएगो येथे रंगभूमीवर आलेल्या ‘द व्हाइट रोझ’ या नाटकात. मोरने १९५१ मध्ये दिलेल्या कैफियतीत, भावाच्या प्रभावाखाली आपण वागलो असे सोफीने म्हणावे व जीव वाचवावा यासाठी आपण खटपट केली, असा दावा आहे. स्वतःची बाजू सावरण्यास सबळ कारण असलेल्या माणसाचे हे म्हणणे असल्याने ते जपूनच स्वीकारले पाहिजे, आणि प्रेक्षकांची करुणा अंमलदाराकडे वळण्याचा धोकाही अशा नाटकात उघड आहे. तथापि लेखिकेची निवड मला योग्य वाटते. कारण हुकूमशाही टिकते ती कागद नीट भरणाऱ्या, घरी सभ्यपणे वागणाऱ्या अशाच माणसांच्या बळावर.

मूळ जबान्या पूर्व जर्मनीच्या दफ्तरखान्यात पडून होत्या. जर्मनीच्या एकीकरणानंतर त्या अभ्यासकांना खुल्या झाल्या, आणि फ्रेड ब्राइनर्सडॉर्फरने त्यांच्या आधारे लिहिलेल्या पटकथेवर मार्क रोथेमुंडने २००५ मध्ये केलेल्या चित्रपटाचा गाभा म्हणजे जवळजवळ दोन पात्रांचे नाटकच आहे. या दफ्तराने हुतात्म्याच्या प्रतिमेआड लपलेली एक गोष्ट उजेडात आणली : सोफीला जगायचे होते. उल्मच्या घरून धुतलेले कपडे आणण्यासाठीच रिकामी बॅग बरोबर घेतली होती, कठड्यावर पडलेल्या पत्रकांना आपण नुसता धक्का दिला, असे तिने इतक्या शांतपणे सांगितले की मोरची खात्री पटत चालली होती. पुढे हान्सजवळ प्रोब्स्टच्या हातचा मसुदा सापडला, घरझडतीत टपालाच्या तिकिटांचा साठा मिळाला, हान्सने कबुली दिली. तेव्हा कुठे तिने नकार सोडला, आणि सोडताच सहकाऱ्यांवरचा दोष शक्य तितका आपल्या शिरावर घेतला. अखेरीस पश्चात्तापाविषयी विचारले असता, आपण राष्ट्रासाठी उत्तम तेच केले व परिणाम भोगण्यास सिद्ध आहोत, या आशयाचे उत्तर तिने नोंदविले.

नाटककार सहसा या उत्तराकडे धाव घेतात. परंतु जिने तासन्‌तास खोटे बोलून सुटकेचा मार्ग शोधला, तिने तो मार्ग समोर असता नाकारला, यातच त्या उत्तराचे सारे मोल आहे. पुढे जो कोणी हा विषय हाती घेईल, त्याने पहिला अंक सबंध तिच्या सुरुवातीच्या नाकबुलीला द्यावा, आणि ती सुटेल अशी आशा प्रेक्षकाला खरोखर वाटू द्यावी.