सुया टोचण्याआधी

चष्मा कुठे ठेवला ते न आठवणे आणि घरचा रस्ताच न आठवणे, या दोहोंच्या मध्ये म्हातारपणाची एक अवस्था असते. माणूस आपले व्यवहार स्वतः सांभाळतो, पण चाचणीत त्याची स्मरणशक्ती वयाच्या मानाने कमी भरते. डॉक्टर तिला एमसीआय (माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट) म्हणतात. अमेरिकी मज्जाविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली दिलेल्या आकड्यांप्रमाणे साठ ते चौसष्ट वयाच्या ६.७ टक्के लोकांत ती आढळते, आणि ऐंशी ते चौऱ्याऐंशीच्या गटात २५.२ टक्के लोकांत. तिला हटकून उलटवणारे औषध नाही, त्यामुळे घरचे लोक अॅक्युपंक्चरकडे आशेने बघतात. टाळूवरचा एक बिंदू, त्याभोवतीचे चार आणि गुडघ्याखालचा एक, अशा ठिकाणी काही आठवडे सुया टोचल्या की स्मृती सुधारते, असा दावा असतो.

मराठी मनात या उपचाराशी सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचे नाव चिकटले आहे. लुधियान्यात त्यांच्या नावाचे अॅक्युपंक्चर रुग्णालयही आहे. गंमत अशी, की १९३८ साली पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारलेले कोटणीस शल्यचिकित्सक होते. सुयांची विद्या भारतात आणली ती त्याच पथकातल्या डॉ. बिजयकुमार बसूंनी. महाराष्ट्राने या पद्धतीसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा केला. पण सुया कोणी टोचाव्यात एवढेच कायदा ठरवतो. त्या कशावर चालतात, हे प्रयोगांनीच ठरवावे लागते.

प्रयोग झालेले आहेत. २०१६ साली एका आढाव्यात एमसीआयवरचे पाच प्रयोग आणि त्यांतले ५६८ रुग्ण एकत्र पाहिले गेले. सुयांचा गट ३० गुणांच्या स्मृतिचाचणीत सुमारे एका गुणाने पुढे होता. एक गुण म्हणजे तारीख बरोबर सांगितली की नाही, एवढा फरक. शिवाय तुलना होती निमोडिपिन या गोळीशी, आणि ती गोळीच एमसीआयवर उपयोगी असल्याचे सिद्ध नाही. लंगड्या घोड्याला मागे टाकून शर्यत जिंकल्यासारखेच हे. प्रयोगांचा दर्जा हलका असल्याचे आढावा घेणाऱ्यांनीही नोंदवले. त्यात १९९८ च्या एका पाहणीत चीनमधून प्रसिद्ध झालेला अॅक्युपंक्चरचा एकूण एक प्रयोग यशस्वी निघाला होता. कोणताही उपचार इतका अचूक नसतो. फसलेले प्रयोग छापलेच जात नसावेत, ही शंका रास्त आहे. आणखी एक गोष्ट हिशेबात धरावी लागते. एमसीआय ठरलेल्यांपैकी अभ्यासागणिक १४ ते ५५ टक्के लोक पुढच्या तपासणीत आपोआप सर्वसाधारण ठरतात. त्या काळात ते जे काही घेत असतील, त्यालाच श्रेय मिळते.

यावर समर्थक म्हणतील, बरे वाटते ना, मग कारणाशी काय कर्तव्य? कंबरदुखीपुरता हा युक्तिवाद मला पटतो. २००७ साली जर्मनीत ११६२ रुग्णांवर झालेल्या प्रयोगात खऱ्या सुयांनी ४७.६ टक्के, नकली सुयांनी ४४.२ टक्के आणि नेहमीच्या उपचारांनी २७.४ टक्के लोकांना आराम पडला. वेदनेचा निवाडा रुग्णच करतो. त्याला दुखत नसेल तर विषय संपला. स्मृतीचे तसे नाही. डोके हलके वाटले तरी रक्तदाबाची गोळी घ्यायची राहू शकते, आणि राहिली हे आठवणारही नाही. दुसरा आक्षेप असा, की सुया टोचताना रुग्णाला अंधारात ठेवता येत नाही, म्हणून औषधांचे निकष इथे लावू नयेत. पण टोक आत सरकणाऱ्या बोथट नकली सुया १९९८ पासून उपलब्ध आहेत, आणि चाचणी घेणाऱ्याला कोण कुठल्या गटात ते न सांगणे तर मुळीच अवघड नाही.

उरतो तो ‘नुकसान काय?’ हा प्रश्न. जाणकाराच्या हातून धोका थोडाच असतो. खरे नुकसान वाया गेलेल्या महिन्यांचे. विसराळूपणाची काही कारणे साधी आणि दुरुस्त होणारी असतात: बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य, झोपेत श्वास अडकणे, सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्या. जिथे पुष्कळ घरांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहार आहे, तिथे बी-१२ चा संशय आधी घ्यायला हवा. मधुमेहासाठी वर्षानुवर्षे मेटफॉर्मिन चालू असेल तर अधिकच. ऐकू कमी येणे हेही स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या कारणांत धरले जाते. एमसीआयवर हटकून लागू पडणारे औषध नसले तरी व्यायामाबाबत वर उल्लेखलेल्या अमेरिकी संघटनेने स्पष्ट शिफारस केली आहे: आठवड्यातून दोनदा.

इतके सगळे करूनही कोणाला सुया घ्यायच्याच असतील तर हरकत घेण्याचे कारण नाही. सुया एकदाच वापरून फेकायच्या आहेत ना, हे विचारावे आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे. सहा महिन्यांनी स्मृतिचाचणी पुन्हा करावी, मात्र ती सुया टोचणाऱ्याकडून करून घेऊ नये.