जबड्याच्या शस्त्रक्रियेआधीचं दीड वर्ष

खालचा जबडा पुढे आलेला किंवा फार मागे राहिलेला असेल, तर नुसत्या तारांनी भागत नाही. हाड कापून जागेवर बसवावं लागतं. पण त्याआधी साधारण 12 ते 18 महिने दातांना तारा लावतात. या काळात चावा सुधारण्याऐवजी बिघडलेला दिसतो आणि घरचे घाबरतात. घाबरू नका. जबड्यातला दोष झाकण्यासाठी दात वर्षानुवर्षं तिरके वाढलेले असतात. ते सरळ केले की खरा फरक उघडा पडतो. सर्जनला तोच हवा असतो.

याच काळात करायचा जिभेचा व्यायाम मात्र अनेक जण टाळतात. जिभेचं टोक वरच्या पुढच्या दातांमागे, दातांना न टेकवता टाळूला लावायचं, ओठ मिटायचे, नाकाने श्वास घ्यायचा आणि तसंच गिळायचं. गिळताना जीभ दातांवर ढकलायची सवय सुटली नाही, तर शस्त्रक्रियेनंतरही दात पुन्हा सरकू शकतात.

जेऊर गावच्या वाचकांसाठी खास सूचना: कडक भाकरी आणि ऊस दातांनी तोडू नका, तारांचे ब्रॅकेट निघतात. भाकरी दुधात किंवा आमटीत कुस्करा. तपासणी दर चार ते सहा आठवड्यांनी असते. पुण्या-मुंबईला उपचार घेणार असाल, तर रेल्वेच्या फेऱ्या आधीच धरून चाला. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. तंबाखू आजच बंद करा; तिच्यामुळे जखम भरायला वेळ लागतो.