काहीच न करणारा खटका

जुनी गाडी घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाचा थोडाफार संसारही आपल्याकडे येतो. काचेवर कुठल्या तरी देवाचं चित्र, सीटखाली एखादा भलताच पाना, चुरगळलेली टोलची पावती. माझ्याकडे आला तो एक खटका.

गाडी जिप्सी. १९८५ साली बाजारात आलेली आणि २०१९ मध्ये तुमच्या-आमच्यासाठी बनायची थांबलेली. चिखलात, ओढ्यात, चढावर चारही चाकांनी ओढणारी ही गाडी घ्यायची हौस मला निवृत्तीनंतर, २०२१ साली पुरी करता आली. तिच्या डॅशबोर्डच्या खालच्या कडेला, पत्र्याच्या पट्टीवर, लोखंडी दांडीचा एक टॉगल स्विच बसवलेला होता. कंपनीच्या बटणावर काही ना काही चित्र असतं. यावर काही नाही. दलालाला विचारलं, तर तो म्हणाला, “काका, ते काही नाही. चालू करा, बंद करा, काहीच होत नाही.”

मी करून पाहिलं. खरंच काही झालं नाही. आणि मी, जन्मभर आयटीआयमध्ये पोरांना वायरिंग शिकवलेला माणूस, तेवढ्यावर समाधान मानून सहा महिने गाडी चालवत राहिलो. नातवाला मात्र खेळणं मिळालं. गाडीत बसला की खटका वर, खटका खाली.

जुलैत पानशेतच्या रस्त्याला, एका खड्ड्यातून गाडी बाहेर आली आणि प्लॅस्टिक तापल्याचा वास आला. थांबलो, बॉनेट उघडलं, काही दिसलं नाही. परत येऊन बसताना लक्ष गेलं, खटका वर होता.

घरी आल्यावर मग त्याची रीतसर चौकशी सुरू केली. अशा अनोळखी बटणाची चौकशी आधी कानांनी करायची. गाडी उभी, बॉनेट उघडं, एकाने आत बसून बटण दाबायचं आणि दुसऱ्याने बाहेर ऐकायचं. एकदा किल्ली बंद ठेवून, एकदा किल्ली फिरवून. कुठे ‘टक्’ असा आवाज आला तर तिथे रिले आहे असं समजावं. रिले म्हणजे छोट्या हुकमाने मोठं काम करणारा शिपाई. बटणातून नाममात्र वीज त्याच्या गुंडाळीत जाते, आणि त्या ओढीने आतली पट्टी मोठ्या विजेची वाट जोडते. त्याच्या पायांवर आकडे असतात : ८५ आणि ८६ गुंडाळीचे, ३० वर बॅटरीकडून वीज येते, ८७ वरून पुढे जाते. म्हणून ८७ ची वायर धरून गेलं की गुपित सापडतं. बहुधा धुक्याचे दिवे असतात.

कधी कधी तो चोरस्विच निघतो. चोराला गाडी सुरू करता येऊ नये म्हणून पेट्रोलच्या पंपाची किंवा इग्निशनची वायर मधेच तोडून तिथे बसवलेला. म्हणून इंजिन चालू ठेवून बटण तपासायचं तर गाडी उभी आणि हँडब्रेक ओढलेला हवा. घाट उतरताना हा प्रयोग केला आणि इंजिन बंद पडलं, तर ब्रेकला मिळणारी मदतही दोन-तीन दाबांत संपते. बटणाला तीन वायरी असतील तर बहुतेक एका बाजूला साधा हॉर्न आणि दुसऱ्या बाजूला ट्रकचा कर्कश भोंगा! किंवा तिसरी वायर बटणातल्या बारीक दिव्याची.

माझ्या खटक्याला वायरी दोनच होत्या, आणि ‘टक्’ काही ऐकू आलं नाही. पण वायर केवढी जाड! आपण घरात गिझरला टाकतो तशी. रिलेकडे जाणारी वायर बारीक असते; एवढी जाड वायर कोणी शोभेसाठी ओढत नाही. म्हणजे या खटक्यातून कधी काळी कसली तरी चांगली दणकट वीज सरळ जात होती. एक वायर हाताने चाचपत पुढे गेलो, तर ती थेट बॅटरीच्या प्लसला बांधलेली. मधे फ्यूज नाही. मला घाम फुटला.

लोक म्हणतात, बाराच व्होल्ट, त्याने काय होणार? माणसाला झटका बसत नाही, हे खरं. पण वायर तापते ती अँपियरने. ५५ वॅटचा दिवा साधारण साडेचार अँपियर घेतो. तीच वायर दिव्याआधीच गाडीच्या पत्र्याला टेकली, तर अडवायला कोणी नाही. आणि स्टार्टर फिरवताना शंभराच्या वर अँपियर सहज देणारी बॅटरी ते सगळं त्या वायरीत ओतायला तयार असते. वायरीची शेगडी होते.

आता वायर टेकते का, आणि कुठे, हे गाडी न पेटवता कसं पाहायचं? त्याची एक जुनी युक्ती आहे. आधी बॅटरीची मायनस सोडवली. नेहमी तीच आधी, कारण प्लस सोडवताना पाना पत्र्याला लागला तर तिथेच ठिणगी. मग खटक्याची वायर प्लसवरून काढून मधे इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब जोडला आणि मायनस परत लावली. आता वायर कुठेही टेकली तरी बल्बातून पावणेदोन अँपियरपेक्षा जास्त जाऊ शकत नाही. वायर जळणार नाही, बल्ब पेटेल.

खटका खाली : बल्ब बंद. खटका वर : बंदच. मी म्हटलं, वास मला भासला असेल. तेवढ्यात नातू मागच्या बाकावर चढून उड्या मारायला लागला, आणि बल्ब लुकलुकला. त्याने उडी मारली की पेटायचा, थांबला की विझायचा!

मॅट उचलली. वायर मागे जाताना पत्र्याच्या एका भोकातून ओवली होती आणि भोकाला रबरी कडी नव्हती. पत्र्याच्या धारेने वरचं आवरण कापून आतलं तांबं चकाकत होतं. तिथून वायर मागे, पेट्रोल भरायच्या नळीशेजारून वर गेली होती आणि वर पोहोचल्यावर चक्क कापलेली होती. टोकाला चिकटपट्टीचे दोन वेढे. बाजूला पत्र्यात स्क्रूची दोन भोकं. ‘काहीच होत नाही’चा अर्थ एवढाच, की काम करणारी वस्तू गेली होती आणि वीज राहिली होती.

कोणती वस्तू, हे काही केल्या सुचेना. आधीचे मालक जुन्नर तालुक्यातले. विम्याच्या जुन्या कागदावर त्यांचा नंबर होता. फोन केला.

“अहो साहेब, तो मागचा दिवा,” ते म्हणाले. “आमच्याकडं मोटारीची लाइट रात्रीची. बाराला लाइट आली की मोटार चालू करायला जायचं. दोन्ही बाजूनं ऊस. मग गाडी रिव्हर्सनं आत घ्यायची, दिवा लावायचा, स्टार्टरच्या पेटीपाशी काही बसलंय का बघायचं आणि मगच उतरायचं.”

काही म्हणजे काय, ते विचारावं लागलं नाही. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो.

“गाडी विकताना दिवा काढून घेतला, आता गोठ्यावर लावलाय. वायर तशीच राहिली का?” ते जरा ओशाळले. मग म्हणाले, “तुम्ही उसात नेता का गाडी?”

“नाही हो. मी कोथरूडला राहतो.”

“मग काढून टाका की ती.”

दुसऱ्या दिवशी सगळी वायर ओढून काढली. खटका तेवढा ठेवला, कारण तो काढला असता तर पट्टीला भोक दिसलं असतं. नातू अजून तो वरखाली करतो. आता मात्र खरोखरच काही होत नाही.