शेणकाला आणि ज्योत

गोविंदप्रभूंच्या रिद्धपूरच्या शिवारात, संत्र्याच्या बागेला लागून असलेल्या एका गोठ्यात सकाळी सहालाच शेणकाला सुरू होतो. दोन घमेली शेण, तेवढंच पाणी. काकू हातानंच गुठळ्या फोडतात, काडीकचरा वेचतात. तो आत गेला तर वर जाड थर धरतो आणि गॅस अडतो. मग काला गोबरगॅसच्या टाकीत.

टाकीतून चुलीकडे जाणाऱ्या नळीत एक डबा बसवलाय. त्यात लेथवरचा लोखंडी कीस. गॅसमध्ये बहुतेक मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड. सडक्या अंड्याचा वास मात्र थोड्याशा हायड्रोजन सल्फाइडचा. लोखंड त्यातला गंधक धरतं आणि काळं पडतं.

"वास याले लागला का समजाचं भाऊ, कीस बदलाले पाह्यजे," काकू सांगतात. काढलेला काळा कीस पसरताना त्या पाणी शिंपडतात. हवा लागली की तो तापतो.

डब्यातून निसटलेला हायड्रोजन सल्फाइड ज्योतीत येतो. मला खरं तर तेच पाहायचं होतं, पण ते डोळ्यांना दिसणारं नाही. त्याच्या रेणूत गंधकाच्या एका अणूला हायड्रोजनचे दोन अणू. ज्योतीत मोकाट फिरणारा हायड्रोजनचा अणू येतो आणि त्यातला एक ओढून नेतो. मागे उरतो एचएस, बिनजोडीचा एक इलेक्ट्रॉन घेऊन बसलेला मुक्त मूलक. त्याला क्षणभरही दम नसतो. तो ऑक्सिजनच्या वाटेला लागतो आणि शेवटी घशाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड होतो. उघड्या हवेतही हेच घडतं, फक्त तिथं उन्हामुळे तयार झालेला हायड्रॉक्सिल मूलक तो हायड्रोजन पळवतो. ताऱ्यांमधल्या विरळ ढगांत भिडायला शेजारीच कमी, म्हणून तिथं एचएस टिकतो. सोफिया या विमानातल्या दुर्बिणीनं तो तिथं शोधल्याचं २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं.

टाकीत मात्र ना ऊन, ना ऑक्सिजन. हायड्रोजन सल्फाइड मोडणारं तिथं कुणी नाही, म्हणून तो साचतो. फार साचला की आधी नाकच बधिर करतो; वास थांबला म्हणजे गॅस संपला, असं नव्हे. गाळ काढायला टाकीत उतरू नका. आत कुणी पडलं तरी त्याच्यामागे उडी घेऊ नका. श्वासाचं साधन असलेल्या अग्निशमन दलाला बोलवा.