एका गाण्याचा शिक्का

गायकाचे एखादे गाणे लोकांच्या तोंडी बसले की त्याचे नशीब उघडले असे आपण म्हणतो. ते खरेही आहे. परंतु त्याच गाण्याचा शिक्का गायकाच्या कपाळी बसतो आणि पुढे त्याने कितीही निराळे गायिले तरी तो पुसता पुसत नाही. आपल्याच समाजातील शिंदे घराण्याच्या तीन पिढ्यांकडे पाहिले म्हणजे हे चटकन ध्यानात येते. कालकथित प्रल्हाद शिंदे, त्यांचे चिरंजीव आनंद शिंदे आणि नातू आदर्श शिंदे. तिघांनीही भीमगीते गायिली आणि तिघांनाही बाहेरच्या जगाने ओळखले ते भलत्याच गाण्यांनी.

पंढरीच्या वाटेवरचा कव्वाल

प्रल्हाद शिंदे यांचा जन्म १९३३ चा. मंगळवेढा हे या घराण्याचे मूळ गाव. हेच संत चोखोबांचे गाव. बाबासाहेबांनी १९४८ साली आपला अस्पृश्यांविषयीचा इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांच्या स्मृतीस अर्पण केला, त्यांत चोखोबा एक होते. या मातीशी नाते सांगणारे प्रल्हाददादा कव्वाली गायचे, लोकगीते गायचे, भीमगीते गायचे. कव्वालीची ती उंच तान आणि मोकळा, खडा आवाज हे त्यांचे खरे धन.

पण त्यांना घरोघरी पोहोचवले ते 'पाऊले चालती', 'चंद्रभागेच्या तीरी' अशा विठ्ठलाच्या गीतांनी. आजही आषाढी जवळ आली की गावोगावच्या लाऊडस्पीकरवर हाच आवाज लागतो. तो ऐकणाऱ्या कित्येकांना हा गायक आंबेडकरी समाजातला, याने बाबासाहेबांवर जीव ओतून गायिले, याची गंधवार्ताही नसते. त्यांच्या लेखी प्रल्हाद शिंदे म्हणजे भक्तिगीत, आणि तिथेच पूर्णविराम.

इकडे आपल्या वस्तीत निराळाच सूर. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतलेला समाज आपला. आपल्या माणसाने देवाची गाणी का गावीत, हा प्रश्न अनेकांनी विचारला. तो प्रश्न गैर आहे असे आम्ही म्हणणार नाही. प्रतिज्ञा या पाळण्यासाठीच असतात. मात्र प्रश्न विचारताना गायकाच्या संसाराचा जमाखर्चही पाहायला हवा. भीमगीतांचा हंगाम एप्रिलचा. पुढे बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन. ६ डिसेंबर तर दुःखाचा दिवस. एवढ्यावर बारा महिने चूल कशी पेटणार? ढोलकीवाला, पेटीवाला, कोरसची मुले, यांची घरे कशी चालणार? कॅसेट कंपन्या खपेल तेच मागत, आणि आषाढी, गणपती, नवरात्र मिळून बाजार मोठा होता.

आणखी एक गोष्ट. २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे बुद्धमूर्तीची स्थापना करताना खुद्द बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा हा मूळचा बुद्धच, असे मत मांडले होते. ते पुढे करून भक्तिगीतांची वकिली करण्याचा आमचा हेतू नाही. विषय वाटतो तितका सरळ नाही, एवढेच सांगायचे आहे.

१५ मे २००४ रोजी महाकवी वामनदादा कर्डक गेले आणि २३ जून २००४ रोजी प्रल्हाददादा. अवघ्या सव्वा महिन्यात लेखणी आणि गळा दोन्ही हरपले. वामनदादांना आपण आपले म्हणून निरोप दिला. प्रल्हाददादांच्या बाबतीत मात्र आपला हात जरासा आखडता राहिला, असे आम्हांस वाटते.

पोपट आणि कोंबडी

आनंद शिंदे यांची कथा निराळी, पण शिक्का तसाच. कॅसेटच्या जमान्यात 'नवीन पोपट हा' हे त्यांचे गाणे आले आणि महाराष्ट्रभर गाजले. रिक्षात पोपट, हॉटेलात पोपट, लग्नाच्या वरातीत पोपट. गाणे खट्याळ, ठेका पायांना ओढणारा आणि आवाज बापाकडून आलेला. लोकांनी डोक्यावर घेतले यात नवल नाही.

बाजाराची रीत अशी की एक वस्तू खपली की तशाच दहा वस्तू मांडायच्या. कॅसेटच्या दोन बाजूंवर आठ-दहा गाणी असत, पण वेष्टनावर नाव चालू गाण्याचेच. मागणीही तशाच वळणाच्या गाण्यांची. गायक जितका अधिक गातो तितके त्याचे बाकीचे काम त्या एका गाण्याच्या सावलीत दिसेनासे होते. शेकडो गाणी गाणाऱ्या माणसाला हे अधिकच जाचते. ज्याने एकच गाणे गायिले त्याला एका गाण्याने ओळखले तर अन्याय नाही. ज्याने भीमगीत, कव्वाली, लोकगीत, भक्तिगीत असा सगळा पसारा मांडला, त्याला 'पोपटवाला' म्हणणे हा अन्याय आहे.

पुढे २००६ साली 'जत्रा' चित्रपटात अजय-अतुल यांच्या संगीतात वैशाली सामंत यांच्यासमवेत त्यांनी 'कोंबडी पळाली' गायिले. नव्या पिढीला आनंद शिंदे नव्याने कळले. पण तेही पाहा, पोपटानंतर कोंबडी! चित्रपटसृष्टीला या गळ्यातून हवी होती ती धमालच. त्याच चालीवर २०१२ च्या 'अग्निपथ' या हिंदी चित्रपटात 'चिकनी चमेली' झाले आणि चाल देशभर गेली.

हिशेबाची बाब म्हणून येथे नोंदवून ठेवतो. त्या काळी बहुधा ध्वनिमुद्रणाच्या वेळी एकरकमी मानधन दिले की व्यवहार संपे. पुढे गाणे कितीही वाजो. कॉपीराइट कायदा १९५७ चा. पण गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क लिहून घेता येणार नाही आणि गायकालाही व्यावसायिक वापरातला वाटा मिळावा, अशी दुरुस्ती झाली ती २०१२ साली. म्हणजे गाण्याचा शिक्का गायकाच्या कपाळी बसला आणि गाण्याचा नफा बऱ्याच अंशी दुसऱ्याच्या गल्ल्यात गेला.

तिसरी पिढी

आदर्श शिंदे यांचे नाव सर्वदूर झाले ते २०१३ च्या 'दुनियादारी' चित्रपटातील 'देवा तुझ्या गाभाऱ्याला' या गाण्याने. आजोबांचा विठ्ठल, वडिलांचा पोपट, नातवाचा गाभारा! परंतु येथे काळ थोडा पालटलेला दिसतो. २०१९ साली स्टार प्रवाह वाहिनीवर बाबासाहेबांच्या जीवनावरील मालिका सुरू झाली, तिचे शीर्षकगीत आदर्श यांनीच गायिले. ते रोज रात्री घराघरांत वाजू लागले, ज्या घरांत भीमगीत कधी लागले नव्हते अशा घरांतही. आजोबांना अशी संधी लाभली नव्हती. समाजाची ताकद आणि खरेदीची कुवत वाढली, तेव्हा बाजारालाही भीमगीताची किंमत कळली. याचा अर्थ असा की शिक्का एकटा गायक पुसू शकत नाही. तो ऐकणाऱ्यांनी पुसावा लागतो.

आपली जबाबदारी

आम्ही गेली कित्येक वर्षे जयंतीच्या कार्यक्रमांत कार्यकर्ते म्हणून राबत आहोत. दर वर्षी एकच देखावा दिसतो. गायक बुद्धवंदनेने सुरुवात करतो, बाबासाहेबांवर, रमाईवर गातो. अर्धा तास होत नाही तोच मंचाकडे चिठ्ठ्या सुरू होतात. फर्माईश एकाच गाण्याची, जे गाजले त्याची. मागून शिट्ट्या वाजतात. एका नामवंत गायकाने हात जोडून सांगितले, आज जयंती आहे, आज बाबासाहेबांचेच गाऊ द्या. तरी चिठ्ठ्या थांबल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच चिठ्ठीवाल्यांपैकी काहीजण चहाच्या टपरीवर म्हणत होते की, आजकालचे गायक चळवळीचे राहिले नाहीत!

मग दोष कोणाचा? गाजलेले गाणे ही गायकाची भाकरी आहे, तिला नावे ठेवू नयेत. त्या गाण्यासाठी आलेली गर्दी जाता जाता एखादे भीमगीतही कानात घेऊन जाते, हा लाभही लहान नाही. परंतु भाकरी म्हणजे सगळा माणूस नव्हे.

म्हणून वाचक बंधू-भगिनींना चार गोष्टी सुचवितो. एक, जयंतीच्या मंचावर फर्माईश करावयाची तर कमी ऐकलेल्या भीमगीताची करा. दोन, गायकाला फक्त एप्रिलमध्ये आठवू नका. वर्षावासात, रमाई जयंतीला, घरच्या मंगलकार्यातही बोलवा आणि ठरलेले मानधन त्याच रात्री हातावर ठेवा. तीन, घरातल्या पेटाऱ्यात जुन्या कॅसेटी असतील तर भंगारात देऊ नका. त्यांच्या फिती बुरशीने चिकटण्याआधी मोबाईलमध्ये उतरवून घ्या, आणि गायकाबरोबर गीतकार, संगीतकार, वादक यांची नावेही वहीत लिहून ठेवा. चार, मुलांना गाणे ऐकवाल तेव्हा हे कोणी गायिले, हेही सांगा.

विठ्ठलाच्या गाण्यातला तो आवाज ओळखीचा वाटला तर शेजारच्या घरी जरूर सांगा की हे प्रल्हाददादा आमचे, आणि त्यांची भीमगीते ऐकायची असतील तर संध्याकाळी या, आमच्याकडे आहेत. चहाही मिळेल.

जय भीम!