होडी शाकारायची वेळ आणि शाळेची फी भरायची वेळ एकच



जून आला की होड्या वर ओढायच्या, जाळी शिवायला घ्यायची. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस मासेमारी बंद. घरात रोजचा पैसा येत नाही, आणि नेमकं तेव्हाच शाळा उघडते. फी, गणवेश, वह्या-पुस्तकं, बसचे पैसे, सगळं एकदम समोर येऊन उभं राहतं.

आपल्यातली काही कुटुंबं सुरतेजवळ हजीऱ्याला राहतात. कुणी खलाशी म्हणून गेलं, कुणी कंपनीत लागलं. या कुटुंबांचे फोन आम्हाला वरचेवर येतात आणि विचारणं एकच असतं, "भाऊ, पोराला कुठल्या शाळेत घालू?" म्हणून यावेळी त्यावरच सविस्तर लिहितो आहोत.

हजीरा तापीच्या मुखाशी आहे. सुवाळी, जुनागाम, मोरा, दामका ही आजूबाजूची गावं. इथे मोठमोठे कारखाने आले, त्यांच्या वसाहती झाल्या आणि वसाहतींबरोबर शाळाही आल्या. क्रिभको आणि ओएनजीसीची केंद्रीय विद्यालयं आहेत, पण तिथे पहिला मान कर्मचाऱ्यांच्या मुलांना. जुनागामचं नवचेतन विद्यालय अदानी फाउंडेशनच्या मदतीने चालतं. पूर्वीचं एस्सार इंटरनॅशनल स्कूल आता एएम/एनएस इंटरनॅशनल स्कूल म्हणून ओळखलं जातं. डिसेंबर 2019 मध्ये पोलाद कारखाना आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टीलकडे गेला, तेव्हापासूनचा हा बदल. ही शाळा खासगी, मुलामुलींची एकत्र, सीबीएसईची आणि इंग्रजी माध्यमाची. लहान वर्गापासून बारावीपर्यंत पोरगं एकाच आवारात शिकतं आणि संध्याकाळी घरी येतं.

अशा सलग शाळेचा फायदा आम्ही डोळ्यांनी पाहिला आहे. आपल्या पोरांची शाळा सुटते ती बहुतेक वेळा शाळा बदलताना. गावची शाळा आठवीला संपली, पुढची लांब आहे, मग पोरगा होडीवर जातो आणि पोरगी घरी बसते. एकाच शाळेत बारावीपर्यंत सोय असली की ही गळती थांबते. मुलींच्या बाबतीत तर जास्तच.

पण फीचं काय? शिक्षण हक्क कायद्यात खासगी विनाअनुदानित शाळांना पहिलीच्या 25 टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात, त्याही फी न घेता. गुजरातमध्ये 2025 साली यासाठीची उत्पन्नाची मर्यादा 6 लाख रुपये केली. त्यामुळे आपल्यातली बरीच घरं यात बसतात. अर्ज ऑनलाइन असतो. मुलाला 1 जूनला सहा वर्षं पूर्ण हवीत. उत्पन्नाचा दाखला लागतो आणि राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो. भाड्याने राहत असाल तर भाडेकरार नोंदणी केलेला ठेवा, नुसता नोटरीचा चालत नाही. आपली माणसं बहुतेक इथेच अडतात.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ही फुकट जागा आठवीपर्यंतच असते. नववीपासून पूर्ण फी सुरू होते.

आपल्या एका सभासदाच्या मुलीचं असंच झालं. शाळेचं नाव घेत नाही. पहिलीपासून फुकट शिकली, हुशार होती. आठवीचा निकाल लागला आणि नववीच्या फीचा कागद हातात आला. महिना जूनचा, होडी शाकारलेली. बापाने आधी व्यापाऱ्याकडे हात पसरले. मग पोरीला दुसऱ्या शाळेत घातलं. तिथे भाषा वेगळी, पुस्तकं वेगळी. वर्षभर ती वर्गात गप्प बसून होती. "मला आधी कुणी सांगितलं असतं तर दर सीझनला थोडं थोडं बाजूला टाकलं असतं," असं तो म्हणाला. हे सांगायला हवं होतं ते आम्हीच. पहिलीचा अर्ज भरून दिला तेव्हा आम्हीही नववीचा विचार केला नव्हता.

दुसरी गोष्ट गाव बदलण्याची. 25 टक्क्यांतली जागा सोडून मध्येच दुसऱ्या गावी गेलात, तर तिथल्या खासगी शाळेत तशीच जागा हक्काने मिळत नाही. बदलीचा हक्क सरकारी आणि अनुदानित शाळांपुरताच आहे. त्यामुळे जागा घेण्याआधी घरात बसून ठरवा, पुढची आठ वर्षं आपण हजीऱ्यात राहणार आहोत का.

फी भरून शिकवणाऱ्यांनीही एक लक्षात ठेवा. गुजरातमध्ये 2017 पासून खासगी शाळांच्या फीवर कायदा आहे. प्राथमिकला वर्षाला 15 हजारांच्या वर फी घ्यायची तर शाळेला ती समितीकडून मंजूर करून घ्यावी लागते. सुरत विभागाची समिती वेगळी आहे. मंजूर फी किती आहे ते विचारायला लाजू नका. प्रवेशासाठी देणगी मागणं किंवा लहान मुलाची परीक्षा घेणं, दोन्ही कायद्याने बंद आहे.

आणि ज्यांना मराठीतच शिकवायचं आहे त्यांच्यासाठी. सुरत महानगरपालिकेच्या शाळा सात माध्यमांच्या आहेत, त्यात मराठीही आहे. पण त्या शहरात. हजीऱ्याहून रोज वीस-पंचवीस किलोमीटर जाणं लहान पोराला झेपेल का, ते बघा. गावातली सरकारी शाळा गुजराती माध्यमाची असते. ती कमी समजू नका, शेजारची पोरं तिथेच शिकतात आणि फीचा घोर नसतो.

आमचं म्हणणं इतकंच. शाळा निवडताना पहिलीची फी विचारू नका, नववी ते बारावीची विचारा. ती चार वर्षं झेपणार असतील तर बिनधास्त घाला. आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की पहिल्या फेरीपासूनच पोरांच्या नावाने थोडं बाजूला काढा. डिझेलचे आणि बर्फाचे काढतो, तसेच हेही.

ज्यांची मुलं यंदा सहावी, सातवी, आठवीत 25 टक्क्यांच्या जागेवर शिकत आहेत, त्यांनी बंदीच्या दिवसांत संस्थेत येऊन जा. सोबत शाळेचा कागद आणा. पुढे किती लागतील, दर महिन्याला किती टाकावे लागतील, ते आपण बसून काढू. घरातल्या बाईमाणसांना बरोबर घेऊन या, पैसे बाजूला ठेवतात त्याच.

आपला,
सचिव