रातपाळी, वजन आणि ब्लड प्रेशर

भिवंडी, मालेगावच्या यंत्रमागांवर बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या चालतात. आम्ही कापडाचे व्यापारी सुताच्या भावाचा आणि ताग्यांचा हिशोब रोज ठेवतो. हे कापड विणणाऱ्या कारीगराच्या तंदुरुस्तीचा हिशोब मात्र कोणाच्याच वहीत नसतो. म्हणून हा विषय व्यापाराच्या पानावर घेत आहोत.

निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री झोपेत १० ते २० टक्क्यांनी उतरतो. हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना तेवढाच आराम. रातपाळीवाला त्या वेळी मागापुढे उभा असतो. दिवसा झोपावे तर खोलीत उकाडा आणि शेजारी मागांचा खडखडाट. अपुऱ्या झोपेने भूक वाढते. त्यात जागे राहण्यासाठी गोड चहा, खारी, भजी सुरू असतात; रात्री खाल्लेली साखर शरीर नीट पचवत नाही. हळूहळू पोट सुटते आणि पोटाबरोबर रक्तदाबही चढतो. हातपाय बारीक असले तरी कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटीमीटरच्या वर गेला, तर सावध व्हावे.

हा आजार दुखत नाही, हाच त्याचा मोठा धोका. लकवा, हृदयविकार किंवा मूत्रपिंड निकामी झाल्यावरच अनेकांना तो कळतो. मोजणी पाच मिनिटे शांत बसून करावी. चहा-तंबाखूनंतर लगेच करू नये. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून जास्त आकडा आला, तर डॉक्टरांना दाखवावे. सरकारी आरोग्य केंद्रांत तपासणी आणि गोळ्या मोफत मिळतात. पाळी बदलली की गोळी चुकते. म्हणून डॉक्टरांना आपली पाळी सांगून वेळ ठरवून घ्यावी. आकडा खाली आला म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

दिवसाचे मीठ ५ ग्रॅम, म्हणजे एक छोटा चमचा, पुरेसे आहे. भिसीत जेवणाऱ्यांनी लोणचे-पापड कमी करावे. वजन एक किलो उतरले तरी वरचा आकडा साधारण एका अंकाने उतरतो.

मालकांना आमची विनंती, कारखान्यात रक्तदाबाचे एक यंत्र ठेवा आणि महिन्यातून एकदा सर्वांची मोजणी करून वहीत नोंदवा. यंत्राला फार खर्च येत नाही. लकव्याने कारीगर पडला तर माग चार दिवसांत दुसऱ्याच्या हाती जातो, पण त्याच्या घरची कमाई कायमची थांबते.